ढूमरावांचे पाच सूर

स्टुडिओत सगळे त्यांना ढूमराव म्हणत. रेकॉर्डच्या वेष्टनावर गायिकेचा हा मोठा फोटो, मागे बारीक अक्षरांत व्हायोलिनवाल्याचं नाव, आणि बेस गिटार वाजवणाऱ्या ढूमरावांचा पत्ताच नाही. लोकांना गाण्याचे शब्द तोंडपाठ असतात, पण पाय ज्याच्या जोरावर ठेका धरतात, त्या माणसाची कुणाला पडलेली नसते.

शेकडो गाण्यांत ढूमरावांनी सांगितलं तसं वाजवलं. एकाच गाण्यात मात्र स्वतःच्या मनाने पाच सुरांची जागा बांधली. गायिका वर चढत जाते आणि खालून हे पाच सूर एकेक पायरी उतरतात; आनंदाचं गाणं, पण ऐकताना पोटात तुटतं. गाणं तुफान चाललं. घरच्या छोट्या रेडिओवर लागलं, की ढूमराव बायकोला म्हणत, "आता मी, बघ!"

"मला काहीच ऐकू येत नाही, अहो."

"डबडं आहे हे. खालचे सूर याला झेपत नाहीत."

नुसती गिटार वाजवून दाखवली, तर ती हसे, "हे काय, ढूम ढूम!" खरंच होतं ते. गाण्याशिवाय त्या सुरांना अर्थ नव्हता. रेडिओवर ढूमरावांना मात्र प्रत्येक सूर स्पष्ट ऐकू येई. तीस वर्षं हेच चाललं.

मग बायकोने अंथरूण धरलं. डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा ती म्हणाली, "एकदा तरी तुमचं वाजवणं नीट ऐकवा हो मला."

ढूमरावांनी स्टुडिओवाल्यांच्या हातापाया पडून कपाटाएवढे दोन स्पीकर आणले. मुलीने तारा जोडून जुनी रेकॉर्ड लावली. व्हायोलिन, ड्रम, गायिकेचा श्वाससुद्धा खोलीभर झाला. पाच सुरांची जागा आली आणि गेली. ढूमरावांनी पुन्हा सुई मागे ठेवली, बटण शेवटपर्यंत पिळलं. नुसती घरघर.

तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. छोट्या रेडिओवर आवाज फाटतो म्हणून ध्वनिमुद्रकाने त्यांचं वाजवणं तेव्हाच काढून टाकलं होतं, आणि मेल्याने सांगायचीही तसदी घेतली नव्हती. तीस वर्षं ते ऐकत होते, ते स्वतःच्याच डोक्यातलं. ढूमरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाबा, कुठंय तुमचं..." मुलीने विचारलं. आईने तिचा हात दाबला.

"ऐकलं हो मी," ती डोळे मिटून म्हणाली. "किती छान वाजवलंत."

चाळीस वर्षांच्या संसारात ती त्यांच्याशी पहिल्यांदाच खोटं बोलली होती. तिसऱ्या दिवशी ती गेली.