दस्त्याला जोडलेला तुकडा

बंदूक घ्यायला निघताना नोव्हेला कॉडिलने चर्चला जायचा निळा कोट घातला. गहाणवटीच्या दुकानात पाऊल ठेवणं तिला कमीपणाचं वाटे, आणि अशा जागी तर माणसाने आवर्जून नीटनेटकं जावं, असं तिचं मत होतं. अशी मतं तिच्याकडे ढीगभर होती. जन्मभर तिने अमेरिकेतल्या केंटकीच्या एका डोंगरी शाळेच्या स्वयंपाकघरात डाव हातात घेऊन ती मतं पोरांना जेवणाबरोबर वाढली होती.

आता नवरा नव्हता. कोळशाच्या खाणीने डेल्मरची फुप्फुसं खाल्ली आणि मग त्यालाही. मुलगा रँडल होता, पण असून नसल्यासारखा. आधी नशेच्या गोळ्यांच्या नादी लागला, मग तुरुंगात गेला. वसंतात सुटला म्हणे. घरी आला नाही.

तीन आठवड्यांपूर्वी, बुधवारच्या संध्याकाळच्या प्रार्थनेला नोव्हेला गेली असताना घरात कोणीतरी शिरलं आणि दारावरच्या खुंट्यांवरची डेल्मरची बंदूक घेऊन गेलं. मागच्या बुधवारी पुन्हा तेच. या वेळी चिखलात दोन जोड्या बुटांचे ठसे होते आणि तिची गादी सुरीने फाडलेली होती.

"घरात काहीतरी ठेव बाई," चर्चमधल्या बायका म्हणाल्या. "आणि शेरीफला का नाही कळवलंस?"

"कोण कुठले भटके असतील," नोव्हेला म्हणाली. "शेरीफ काय करणार?"

हे ती स्वतःलाही बजावत होती. तिच्या मागच्या दाराचं लाकूड फुगून खाली बसलं होतं. कडीखाली खांदा लावून दार जरा उचलायचं, मग डावीकडे ढकलायचं, तरच ते उघडे. अनोळखी माणसाने ते फोडलं असतं. दारावर साधा ओरखडा नव्हता. त्या गोष्टीचा विचार मनात आला की नोव्हेला भांडी घासायला घेई, स्वच्छ असली तरी.

गहाणवटवाला इर्विन तिच्याच हातचं खाऊन वाढलेला. जाडजूड, बोलका. तिला पाहून तो उभा राहिला.

"मावशी, तुम्ही? इथे?"

"चोरी झाली माझ्याकडे. स्वस्तातलं काय आहे ते दाखव. आणि गोड बोलून महागातलं गळ्यात मारू नकोस, तू दोनदा वाढून घ्यायचास हे मी विसरले नाही."

इर्विन हसला. त्याने एक रिव्हॉल्व्हर काढलं. घोडा दाबायला तिला दोन्ही हात लावावे लागले.

"जोर पुरत नाही तुमचा."

"घोडाच घट्ट आहे."

"मग ही बघा. पंपाची, परदेशी बनावटीची, पण दणकट. नळीखालची मूठ नुसती मागेपुढे ओढली ना, आवाजानेच चोराची पँट ओली होते."

"मला कोणाच्या पँटी धुवायच्या नाहीत." तिने ती खांद्याला लावून पाहिली. लांब होती, जड होती, आणि तिच्या ऐपतीत तर मुळीच नव्हती. "याच्याहून स्वस्त काय आहे?"

इर्विनचा बोलकेपणा अचानक आटला. "याहून स्वस्त काही नाही."

"ती काय मग, कोपऱ्यातली?"

त्याने ती नाइलाजाने आणली. जुनी एकनळी, एका वेळी एकच काडतूस घेणारी. लाकडी दस्त्याच्या टोकाला वेगळ्या रंगाचा तुकडा दोन पितळी स्क्रूंनी जोडलेला होता. नोव्हेलाने काउंटर घट्ट धरला. रँडल दहा वर्षांचा असताना त्याचा हात घोड्यापर्यंत पोचेना, म्हणून डेल्मरने दस्ता करवतीने आखूड केला होता. त्या भागात सगळेच बाप करतात तसं. कापलेला तुकडा तंबाखूच्या डब्यात जपला आणि पोरगा उंच झाल्यावर पुन्हा बसवला. पण डब्यात राहून तुकड्याचा रंग बदलला तो बदललाच.

इर्विन खाली बघून बोलू लागला. "आणणारा दुसराच होता, मावशी. नंतर माझी नजर बाहेर गेली. गाडीत कोण बसलंय ते दिसलं." तो थांबला. "ही तुमची आहे एवढं म्हणा. मी शेरीफला फोन करतो. एक पैसा न देता परत मिळेल."

"आणि गाडीतला?"

"तुरुंगातून सुटलेल्याने बंदुकीला हात लावायचा नसतो. पुन्हा आत जाईल. बरीच वर्षं."

दुकानात गॅसची शेगडी फुरफुरत होती. नोव्हेलाने त्या जोडलेल्या तुकड्यावरून अंगठा फिरवला.

"ही माझी नाही," ती म्हणाली. "कितीला देतोस?"

"मावशी, अहो..."

"माझी नाही म्हटलं ना! कितीला?"

त्याने स्वतः दिले होते तेवढेच सांगितले. तिने हिवाळ्यात घर उबदार ठेवायच्या गॅससाठी राखलेले पैसे काढून मोजले. बंदूक अजूनही तिला लांबच पडत होती. इर्विनने स्क्रू काढले आणि तुकडा तिच्या हातात ठेवला. दहा वर्षांच्या पोराची बंदूक तिच्या खांद्याला बेताची बसली. तिने काडतुसांची डबीही घेतली. ते दुसरे बूट कोणाचे, हे तिला ठाऊक नव्हतं.

पुढच्या बुधवारी ती प्रार्थनेला गेली नाही. गाडी मात्र नेऊन चर्चपाशी उभी केली आणि चालत परत आली. मागच्या पायरीवर तिने घेवड्याच्या उसळीचं आणि मक्याच्या पावाचं ताट झाकून ठेवलं. त्या झाकणावर तो लाकडाचा तुकडा ठेवला. मग दार लावून, भरलेली बंदूक दाराकडे रोखून, ती स्वयंपाकघरात दिव्याविना बसली. खिडकीत संध्याकाळचा थोडा उजेड होता. येऊ नकोस, असं ती मनात म्हणत होती. आणि ये, असंही.

पावलं आली. दोघांची. दार कडीखाली उचललं गेलं, थोडंसं, आणि तसंच थांबलं. नोव्हेलाला पलीकडचा श्वास ऐकू येत होता. लहानपणी ताप चढला की रँडल असाच श्वास घेई.

"उघड ना," दुसरा कोणी तरी म्हणाला. "काय आहे ते हातात?"

"काही नाही." रँडलचा आवाज. "चल. इथे काही नाही."

"अरे, पण म्हातारी चर्चमध्ये..."

"इथे काही नाही म्हणतोय ना! पुन्हा यायचं नाही इथे."

दार हळूच खाली बसलं. पावलं उताराकडे गेली. ओरडून हाक मारावी असं तिला फार वाटलं, पण खांद्याला लावलेली बंदूक तिच्याने खाली ठेववेना, आणि बंदूक रोखून पोराला हाक कशी मारायची? गाडीचा आवाज विरल्यावर तिने दार उघडलं. ताट तसंच होतं. तुकडा नव्हता.

त्यानंतर चोर आला नाही. रँडलही नाही. बंदूक खुंट्यांवर आहे, आखूडच. स्वस्तातली पण किती कामाची निघाली, असं चर्चमधल्या बायका म्हणतात आणि नोव्हेला मान हलवते. तो हिवाळा तिने अंगावर दोन गोधड्या घेऊन काढला. कधीकधी भर दुपारीही मागचं दार उचलल्यासारखा आवाज येतो. ती हातातलं काम टाकून धावत जाते. तिथे कोणी नसतं.

धर्मगुरू एकदा रंधा घेऊन आले होते. बसलेलं दार फुकट तासून देतो म्हणाले.

"राहू द्या," ती म्हणाली. "ज्याला उघडायचं त्याला येतं ते उघडता."