जमनीची हीर

सुरुवातीलाच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. 'नव्हता' असं लिहावं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही, म्हणून 'नाही' असंच राहू द्या. आमचं घर बौद्ध. आजोबांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली आणि घरी येऊन देव्हारा उतरवला, तो उतरवलाच. अंगात येणं, उतारा, लिंबू-मिरची यातलं काही आमच्या उंबऱ्याच्या आत आलं नाही. कुणी भूत पाहिल्याची गोष्ट घेऊन आलं की बाबा एकच विचारायचे, "तुमी सोता पाह्यलं का कोनी सांगतलं?" बहुतेकांची गाडी तिथेच थांबायची.

हे मात्र मी स्वतः पाहिलं आहे. दुर्दैवाने ऑफिसात बसून, चांगल्या उजेडात, डोक्यावर पंखा फिरत असताना.

यवतमाळला एका खाजगी ऑफिसात मी तेव्हा नकाशांचं काम करायचे. भूगोलात एम.एस्सी. आणि वर कॉम्प्युटरचा कोर्स, म्हणून घेतलं असावं. ते कापसाचे वाईट दिवस होते. टीव्हीवाल्यांच्या गाड्या जिल्ह्यात फिरायच्या, दर महिन्याला नवं पॅकेज, नवी पाहणी. त्यातलंच एक काम आमच्याकडे आलं — दारव्हा तालुक्यातल्या विहिरी नकाशावर आणायच्या. फिरतीची माणसं जीपीएस घेऊन विहिरीच्या काठावर उभी राहायची, जागा नोंदवायची, विहीर कुणाची ते लिहून आणायची. त्यांच्या फाइली एकत्र करून, शुद्ध करून, डेटाबेसमध्ये चढवायच्या हे माझं काम.

ऐकायला सोपं वाटतं, पण कटकटीचं काम. जुने नकाशे एका मापाने काढलेले, जीपीएस दुसऱ्या मापाने बोलतं. कोणतं माप आहे ते डेटाबेसला सांगायला विसरलात, तर अख्ख्या गावाच्या विहिरी धुरा ओलांडून शेजाऱ्याच्या वावरात जाऊन बसतात! आणि नावांचं तर विचारूच नका. सगळी नावं जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली. माझ्या स्क्रीनवर नुसता खिचडा दिसायचा. तो युनिकोडमध्ये बदलला की मराठी व्हायचा, पण वेलांट्या उड्या मारायच्या. विहिरीची पहिली वेलांटी तर हमखास पळायची. मी दिवसभर वेलांट्या धरून जागेवर बसवायचे.

एक दिवस दारव्ह्याच्या एका सर्कलची फाइल चढवली आणि नकाशा उघडला. सगळे ठिपके तालुक्याच्या हद्दीत, एक मात्र पार उजवीकडे, यवतमाळ ओलांडून राळेगाव तालुक्यात. असे चुकार ठिपके रोजच सापडतात, कुणीतरी आकडा चुकवतो. मी तो पुसला.

दुसऱ्या दिवशी दुरुस्त फाइल पुन्हा चढवली. ठिपका परत तिथेच.

मग मी मूळ फाइल उघडली... आणि त्यात तो नव्हता. ओळ न् ओळ पाहिली. फाइलीत नाही, डेटाबेसमध्ये आहे. पुन्हा पुसला, टेबल रिकामं केलं, नव्याने चढवलं — हजर. माझी चिडचिड व्हायला लागली. मशीन बदललं, तरी तेच. शेवटी त्याची नोंद उघडून पाहिली. बाकी सगळी नावं अजून खिचड्यात होती, ती बदलायची बाकी होती. या एका ओळीत स्वच्छ देवनागरी होती. लिहिलं होतं — जमनीची हीर.

'हीर' आम्ही घरी बोलतो. सरकारी कामात 'हीर' कुणी लिहीत नाही, तिथे विहीरच. मला वाटलं, 'वि' गळून पडला असेल. पण फॉन्टची चूक असती तर 'वि'च्या जागी काहीतरी कचरा उरला असता. इथे काही नव्हतं. कुणीतरी बोलल्यासारखं लिहिलं होतं.

त्या सर्कलची फाइल वसंत राठोडांनी आणलेली. दारव्ह्याजवळच्या तांड्यावरचे, तिशीतले, कामाला चोख, पण चेष्टेखोर. फिरतीवरच्या माणसांची नावं बदलून मला छळायचा त्यांना नाद होता. हा त्यांचाच खेळ, अशी मला खात्रीच पटली. ते आले तसं मी झापलं, की भाऊ, गंमत करा, पण माझा आठवडा खाऊ नका, ही कोण जमनी?

वसंतभाऊ स्क्रीनजवळ आले, वाचलं आणि समोरच्या खुर्चीत बसले. मग म्हणाले, "मॅडम, हे नाव मी कधी कोठी लिवलं नाही. आमच्या घरात हे नाव कोनी घेत नाही."

मग त्यांनी सांगितलं ते असं. जमनी त्यांची मोठी बहीण. त्यांनी तिला पाहिलेलं नाही, ते नंतर जन्मले. दुष्काळाच्या साली तांड्यावरची माणसं मुकादमाच्या ट्रकमधून दूर पूर्वेकडे कापूस वेचायला गेली होती. तिथून परतीच्या वाटेवर एका थांब्यावर सात वर्षांची जमनी हरवली. माणसांनी नाले धुंडाळले, जंगल धुंडाळलं. कुणी म्हणालं, जनावरानं नेली. पुढे वडीलही त्याच धक्क्यात गेले.

बंजारा घरांत दिवाळीला धबुकार करतात. निखाऱ्यांवर तूप आणि गोडधोड घालून, घरातल्या गेलेल्या माणसांची नावं घेऊन त्यांना जेवू घालायचं. वसंतभाऊंची याडी, म्हणजे आई, दरवर्षी सगळ्यांची नावं घेऊ द्यायची, जमनीचं घेऊ देत नव्हती. नाव घेतलं की ती मेली, असा तिचा हिशेब. तांड्याने समजावलं, तांड्याचा प्रमुख असलेल्या नाईकाने समजावलं, की पोरगी उपाशी राहते, तिला वाट मिळत नाही. म्हातारी ऐकत नव्हती. "मेली असती तं मले समजलं असतं," एवढंच म्हणायची. आता तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, दमा होता. वसंतभाऊंना भीती होती ती हीच, की याडी गेल्यावर नाव घ्यायचं की नाही, हे त्यांना एकट्याला ठरवावं लागेल.

बाबांसारखं विचारायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं, मी सोताच पाह्यलं होतं. मी म्हटलं, चला, जाऊन बघू. जागेवर काही नसेल, तर निदान डोक्यातून जाईल.

त्यांच्या गाडीवर आम्ही राळेगावकडे निघालो. सकाळची वेळ, दोन्हीकडे कपाशी, बोंडं फुटायला लागलेली. वसंतभाऊ या बाजूला पहिल्यांदाच येत होते, वाट विचारत विचारत चालले होते. जीपीएस आम्हाला डांबरी सोडून एका गाडरस्त्याने आत घेऊन गेलं आणि बोराच्या झाडाजवळ एका बांधलेल्या विहिरीच्या काठावर थांबलं. मला उगाच वाटलं होतं की पडकी, बुजलेली, झाडं उगवलेली विहीर असेल. ही चांगली वापरातली होती. मोटर चालू होती, आणि विशीतला एक मुलगा कपाशीला पाणी देत होता. त्याचं नाव प्रवीण.

आम्ही विहिरींचा सर्व्हे असल्याचं सांगितलं. विहीर कुणाच्या नावावर, विचारलं. तो म्हणाला, आईच्या. सुजाताबाई. आई उन्हाळ्यात वारली.

मी विचारलं, या विहिरीला जमनीची हीर म्हणतात का? नाही म्हणाला. जमनी नावाचं त्या गावात कुणी कधी नव्हतं. वसंतभाऊंचा चेहरा उतरला. मला तर, खरं सांगते, हायसं वाटलं. आकड्याची चूक, नावाचा योगायोग, मिटला विषय.

प्रवीणने घरी नेलं, चहा ठेवला. आमच्यासारखंच घर, भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, आणि बाजूला हार घातलेला आईचा फोटो. वसंतभाऊ चहाचा कप हातात धरून फोटोकडे पाहत राहिले. फोटोत बाईने पदर सावरायला हात वर घेतलेला, आणि मनगटाच्या आतल्या बाजूला गोंदण. त्यांनी प्रवीणला विचारलं, हे गोंदण कुठलं? आमच्यात असं गोंदत नाहीत, तांड्यावरच्या बाया गोंदतात, हे मलाही दिसत होतं.

प्रवीण म्हणाला, आई या घरात जन्मलेली नव्हती. त्याच्या आजोबांना ती कापसाच्या वावरात सापडली होती, तापाने फणफणलेली. आजोबा तिला घेऊन ठाण्यात गेले, बाजारात दवंडी दिली, कुणी आलं नाही. मग ठेवून घेतली आणि नाव ठेवलं सुजाता. ती बोलायची ते कुणाला कळत नव्हतं. आणि मग तो हसत म्हणाला, "गावची पोट्टी तिले लय दिवस येडी म्हनत होती. आजोबा सांगत, ताप होता तवा ती दिवसभर येडी, येडी म्हनून रडे. सोतालेच येडी म्हने."

वसंतभाऊंनी कप खाली ठेवला. मीच प्रवीणला सांगितलं, की ती येडी म्हणत नव्हती, बाळा. याडी म्हणत होती. याडी म्हणजे आई.

ज्या वस्तीत तिने ते म्हटलं, तिथे बंजाऱ्यांची गोर बोली समजणारं एकही माणूस नव्हतं. एका काना-मात्रेचा फरक. मी आयुष्यभर तेच दुरुस्त करून पोट भरते आहे, आणि तिथे बसून मला त्या कामाची लाज वाटली, राग आला, काय काय वाटलं. मग वसंतभाऊ उठले आणि त्यांनी भाच्याला पोटाशी धरलं.

आता माझा प्रश्न. जमनी हे नाव फक्त तांड्याला माहीत, तेही कुणी घेत नव्हतं. ती विहीर फक्त या गावाला माहीत, आणि इथे तिला जमनी म्हणून ओळखणारं कुणी नाही. आमच्या धंद्यात दोन टेबलं जोडायची तर दोन्हींत एक तरी समान खूण लागते. इथे काहीच समान नव्हतं. नाव एकीकडे, जागा दुसरीकडे, आणि दोन्ही एका ओळीत कुणी लिहिलं? राळेगाव तर आमच्या कामातही नव्हतं. मी नंतर जाणत्या लोकांना विचारलं. ते म्हणाले, जुना डेटा राहिला असेल, कुणाचा तरी हात लागला असेल. कुणाचा हात, ते कुणी सांगत नाही. परत येऊन मी फाइल पुन्हा चढवली, तर ठिपका नव्हता. त्यानंतर कधी आला नाही. तुमच्यापैकी कुणाला हे उलगडत असेल तर जरूर कळवा, मी मनापासून ऐकेन. मला आजपर्यंत उलगडलेलं नाही.

वसंतभाऊंनी याडीला लगेच सांगितलं नाही. धीर होत नव्हता. ती म्हातारी एका आशेवर जगली होती, आणि ती आशा खरी होती... लेक जिवंत होती, संसार करत होती, एका दिवसाच्या वाटेवर. आणि आता, याच वर्षी, नव्हती. ही बातमी कशी द्यायची? त्यांनी मला दिवाळीला तांड्यावर बोलावलं. म्हणाले, तुम्ही असल्या तर मला बोलता येईल. मी धबुकाराला कशी जाणार, असं माझ्या मनात येऊन गेलं. तरी गेले. प्रवीणही आला. येताना त्याने आईच्या विहिरीचं पाणी कॅनमध्ये भरून आणलं होतं. आजीकडे पहिल्यांदा जायचं, काय न्यावं ते सुचलं नाही म्हणाला.

चुलीपुढे निखारे काढून ठेवले होते. वसंतभाऊंनी याडीजवळ बसून सगळं सांगितलं, त्यांच्या बोलीत, हळूहळू. मला शब्द कळत नव्हते, पण 'याडी' आणि 'जमनी' कळत होतं. म्हातारी रडली नाही. तिने हात पुढे केला, प्रवीणचं तोंड चाचपलं, कान चाचपले, केसांवरून हात फिरवला. मग निखाऱ्यांकडे वळली आणि तुपाची धार धरून पहिलं नाव स्वतः घेतलं. जमनी.

घरातल्या बाया रडायला लागल्या. ताट वाढलं की पाणी फिरवायचं असतं, म्हणून सुनेने तांब्या पुढे केला. प्रवीणने मध्येच आपली कॅन उघडून तिच्या हातात दिली आणि सांगितलं, हे आईच्या हिरीचं हाये.

म्हातारीने ओंजळीत पाणी घेतलं. थोडं निखाऱ्यांभोवती फिरवलं, उरलेलं प्यायली. मग मला कळावं म्हणून असेल, आमच्या बोलीत म्हणाली, "त्या दिशी मीच तिले पान्याले धाडलं होतं, बाई."

ओला हात तिने तोंडावरून फिरवला.

"आनलं तिनं."