नानांचं खरं रक्त

दारातूनच डाव्या हाताची बाही वर सारत ते आत यायचे आणि सुई टोचायच्या आधीच विचारायचे, "ताई, मी पास शे ना?"

एरंडोलच्या एका लॅबमध्ये मी रक्त घेते, तपासते. या गृहस्थांना सगळे नाना म्हणायचे. शाळेतले निवृत्त शिपाई. जन्मभर निकालाची घंटा वाजवलेली, म्हणून त्यांना जगात दोनच निकाल ठाऊक. मधुमेह जुना, तरी दर तीन महिन्यांनी उपाशीपोटीची साखर अगदी शहाण्यासारखी. मी "पास" म्हटलं की थेट समोरच्या हॉटेलात जिलबी! वर मलाच म्हणायचे, "पास व्हयनू, मंग तोंड गोड नको करू?"

मी तोंडाची फटकळ. इथे येणारे मला जरा घाबरूनच असतात. नाना तेवढे घाबरायचे नाहीत.

डॉक्टर साखरेसोबत त्यांच्या रक्तपेशीही मोजायला सांगत. एकदा जुने रिपोर्ट शेजारी ठेवून बघितले आणि मी थबकले. पांढऱ्या पेशींतल्या न्यूट्रोफिल दर वेळी वाढत होत्या, लिम्फोसाइट घटत होत्या. ताप नाही, जखम नाही, मग हे सैन्य लढतंय कोणाशी? एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. पण मधुमेहात आतल्या आत सूज धुमसत असली, तरी असं दिसू शकतं. मी डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी लघवीतलं प्रथिन आणि तीन महिन्यांची सरासरी साखर तपासायला लावली. दोन्ही वाईट. मूत्रपिंडं केव्हाच बिघडायला लागली होती.

नानांच्या बायकोला, अक्कांना, बोलावलं तेव्हा बिंग फुटलं. तपासणीआधी चार दिवस नाना कारल्याचा रस आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची अर्धी भाकरी यांवर काढायचे. एरवी गोड चहा, केळी, जिलबी, बठ्ठं म्हणजे सगळंच चालू!

माझं डोकंच भडकलं. "नाना, पोरांच्या कॉप्या पकडल्यात ना तुम्ही? मग मला फसवून काय मिळालं?"

ते बाही खाली करत हळूच म्हणाले, "तू पास सांगस तव्हय हासस, ताई. नाहीतर तू कव्हय हासस?"

त्या हसण्याची मला फार लाज वाटली.

पुढच्या वेळी ते आले तेच सांगत, "आज खरं रगत आनेल शे." पथ्य, औषधं सगळं मनापासून सुरू केलेलं, तपासणीपुरतं नाटक बंद. रिपोर्ट वाईटच आला. तरी मी त्यांच्याकडे बघून हसले, जमेल तेवढं. पुढे दोनेक वर्षांत मूत्रपिंडं पुरती थकली आणि जळगावला डायलिसिस सुरू झालं. एसटीत खिडकीशी बसलेले दिसायचे, बाही वर करून मला हात दाखवायचे. दीड वर्ष गेलं आणि ते दिसायचे थांबले.

परवा अक्का एकट्याच आल्या. गेल्या महिन्यात त्यांनाही साखर निघाली.

मी विचारलं, "अक्का, चार दिवस काय खाल्लं?"

"रोजनं जे खाऊत तेच," त्या म्हणाल्या. "ताईले खोटं रगत देऊ नको, इतलंच सांगीसन गयात ते."

त्यांनी डावी बाही वर केली. इतकी वर्षं रक्त काढतेय मी, पण शीर सापडेना. डोळे पुसले, मग सापडली.