शिंगांच्या रंगाचं मडकं

आमच्या रिहे खोऱ्यात पावसाळ्यात पाण्याला बेडूकही कंटाळतो, आणि होळी सरली की नळाला एक दिवसाआड पाणी. त्यात सूसला राहणाऱ्या लेकानं आईच्या मोगऱ्यासाठी लांबलचक पाईप आणून दिला. मी तो माळ्यावर टाकला. पाईपानं घातलं तर निम्मं पाणी वाटच पिते. मी चार बुकंही शिकलो नाही, पण आमच्या न्हाणीचं पाणी अळूला आणि केळीला जातं. पाणी दोनदा कसं वापरावं, हे मला कुणी शिकवू नये.

मोगऱ्याला मात्र साबणाचं पाणी चालत नाही. म्हणून मी वडिलांची रीत काढली. बुंध्याशी मडकं पुरायचं, भरून ठेवायचं. ते झिरपतं, मूळ पितं.

"झाड गेलं तर?" कारभारणीनं विचारलं.

"गेलं तर मी सोता पाईप धरून हुबा ऱ्हाईन. लाव पैज."

नवं मडकं मातीत विरघळेल, असं मला वाटलं. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावलेला तेलाचा लाल रंग उरला होता. आतून-बाहेरून दोन हात दिले, वाळवलं आणि गळ्यापर्यंत पुरलं.

चौथ्या दिवशी झाकण काढलं, मडकं काठोकाठ. आठव्या दिवशीही तसंच. मी पारावर जाऊन सांगून आलो, की आठ दिवसांत मोगऱ्याला ओंजळभर पाणी लागलं नाही!

घरी आलो तर कारभारीण मोगऱ्यापाशी बसलेली. पानं मुडपलेली, कळ्या खाली.

"पानी लई वाचलं वो तुमचं," ती म्हणाली. "पर झाड काय पितंय?"

मी माती उकरली. कोरडी ठाक.

"बैलाच्या शिंगातनं कदी पानी गळलंय व्हय?"

मी लाल मडकं उपसून काढलं. तिनं कोंबड्यांच्या पाण्याचं जुनं, झिरपतं म्हणून टाकलेलं मडकं आणून पुढ्यात ठेवलं. पुरलं मात्र मीच. ती पाईप टाकलेल्या माळ्याकडे बघायला लागली, तेव्हा सांगितलं, "झाड अजून गेलं न्हाई. पैज हाय ती हाय."

पंधरवड्यात फूट आली. परवा तिच्या अंबाड्यात पाच फुलं होती, आणि ती मुद्दाम माझ्यासमोरून दोनदा गेली.

लाल मडक्यात आता कोंबड्यांचं पाणी असतं. थेंब झिरपत नाही. हे मडकं पाणी वाया घालवणार नाही, हे मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो.