बारावी नाळ

"माझी नाळ तुम्ही हुकांवर टांगलीत, आणि मला हे आज कळतंय? जेवताना? थट्टेत?" सून ताटावरून उठली होती.

"अगं, नाहीतरी फेकूनच देतात ती," सासू म्हणाली.

"फेकू देत ना! फेकणाऱ्यांनी घरी येऊन मला हट्टी तरी म्हटलं नसतं."

तोंडातून गेलं होतं खरं. वाढता वाढता सासूबाई सहज बोलून गेल्या, "हिची नाळसुद्धा हिच्यासारखीच हट्टी. एवढं औषध घातलं, तरी सैल पडायला तयार नाही." त्यांचा नवरा हसलाही होता. आता तो भातात खड्डा करून त्यात मान घातल्यासारखा बसला होता.

प्रयोगशाळेत सासूबाईंना सगळे 'नाळवाल्या बाई' म्हणत. शेजारच्या प्रसूतिगृहातून नाळ आणायची, थंड मिठाच्या पाण्यात ठेवायची, तिच्यातली रक्तवाहिनी अलगद सोडवून अंगठीएवढ्या चकत्या कापायच्या. चकती दोन बारीक हुकांत अडकवून कोमट द्रावणात सोडायची. एका औषधानं ती आवळते, पडद्यावरची रेघ वर चढते. मग वाहिनी सैल करणारं दुसरं औषध थेंबाथेंबानं घालायचं आणि रेघ किती खाली येते ते टिपायचं. बाईंचा हात असा हलका, की चकती कधी फाटली नाही.

त्याहून मोठा अभिमान त्यांना परवानगी विचारण्याचा होता. प्रत्येक गर्भवतीजवळ बाळंतपणाआधी बसून त्या सांगत, "नाही म्हणालात तरी चालेल हो. कोणी रागावणार नाही." आणि नाही म्हणणारीला पाणी देऊन उठत.

गरोदरपणात रक्तदाब वाढलेल्या बायकांच्या बारा नाळा प्रयोगशाळेतल्या सरांना संशोधनासाठी हव्या होत्या. अकरा झाल्या होत्या. तेवढ्यात गरोदर सुनेचा रक्तदाब वाढला.

"मला विचारलं असतंत तर मी हो म्हटलं असतं," सून म्हणाली. आवाज आता खाली आला होता, आणि तेच बाईंना जास्त लागलं. "पण कागदावर सही लागते ना? तुम्हीच सांगता सगळ्यांना. मग सही कोणी केली?"

मुलगा बाळाला खांद्यावर घेऊन दारात उभा होता. "आई, हिची सही होती ना?"

बाईंनी भांड्यावर झाकण ठेवलं. नीट बसलं नाही म्हणून पुन्हा ठेवलं.

"मी केली."

"म्हणजे नातेवाईक म्हणून?"

"नाही. तिच्या नावाची. तिच्यासारखी."

बाईंच्या नवऱ्यानं घास तसाच ताटात ठेवला. बाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. सून कळा देत होती आणि आपण बाहेरच्या बाकावर पेन काढून, तिच्या सहीचं ते लांब शेपूट जमतंय का, हे आधी हातावर काढून बघत होतो. त्या वेळी लाज वाटली नव्हती. घरचीच तर आहे, असं वाटलं होतं. परक्या बायकांना आपण पाणी दिलं, आणि घरचीला साधं विचारलंही नाही.

"जाऊ दे आता," नवरा म्हणाला. "झालं ते झालं. कोणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना," सून म्हणाली.

"सरांचा लेख या आठवड्यात छापायला जायचाय," मुलगा हळूच म्हणाला. "आई, नोकरी जाईल तुझी."

बाईंनी ओले हात पदराला पुसले. सुनेकडे बघायचं त्यांना धाडस झालं नाही. त्या बाळाच्या पाठीकडे बघत बोलल्या.

"उद्या सकाळी सरांना सांगणार आहे मी. सही खोटी आहे, मी केली आहे, बाराव्या नाळेची सगळी मापं काढून टाका. लेख थांबला तर थांबेल. मला काढलं तर घरी बसेन."