मुकी यादी

चाळिशीच्या आतच माझी नजर गेली. जळकोटजवळच्या एका शाळेत मी मराठी शिकवत होते. फळ्यावर मीच लिहिलेलं मला वाचता येईना, तेव्हा कुणी म्हणायच्या आत राजीनामा दिला आणि घरी बसले. पुढं एका शिबिरात संगणक शिकले. पडद्यावर जे असेल ते मोठ्यानं वाचून दाखवणारा एक प्रोग्राम असतो. त्याचा मराठी आवाज सुरुवातीला मला पत्र्यावर खडे पडल्यासारखा वाटायचा. महिन्याभरात सवय झाली.

इंटरनेटवरची पानं ज्यात उघडतात त्या ब्राउझरची दर थोड्या आठवड्यांनी नवी आवृत्ती येते. ती सगळ्यांना मिळायच्या आधी आमच्यासारख्या हौशी लोकांना वापरायला देतात. आम्ही दोष शोधायचे आणि लिहून कळवायचे. मी यात पडले ते वैतागून. प्रत्येक नव्या आवृत्तीत मराठी आवाजाचं काही ना काही बिघडायचं, आणि एकदा ती सगळीकडं गेली की कुणी ऐकून घ्यायचं नाही. आधीच सांगितलं तर दुरुस्त करतील, असं मला वाटायचं.

आमच्या अंध मंडळींच्या फोनवरच्या गटात सास्तूरकडचे एक गृहस्थ होते. घरात कानडी बोलायचे, म्हणून मला पहिल्या दिवसापासून ‘अक्का’. मी त्यांना ‘भाऊ’ म्हणायची. एका साखर कारखान्यात टेलिफोनवर बसायचे. सगळ्यांकडं मोबाईल आले आणि तो टेलिफोनच निघाला. तेव्हापासून घरीच होते. त्यांनाही मी या चाचणीच्या नादाला लावलं. कान माझ्यापेक्षा तिखट. आवाज शब्दाच्या मध्ये किंचित अडखळला तरी ते पकडायचे.

तो दोष त्यांनीच पकडला. दुपारी फोन आला.

“अक्का, नव्या आवृत्तीत यादी उघडून बघा बरं. म्या बाण दाबतोय, यादी हलतीय, पण आवाज न्हाय.”

मी करून पाहिलं. फॉर्ममध्ये जिल्हा, तालुका निवडायला जी खाली उघडणारी यादी असते, ती आमच्यासाठी मुकी झाली होती. खालचा बाण दाबला की पुढचं नाव यायचं, डोळस माणसाला ते दिसायचंही, पण आवाज गप्प. आपण कुठल्या नावावर आहोत ते कळायला मार्ग नाही.

मी जमेल तशा इंग्रजीत कळवलं. उत्तर आलं की आमच्याकडं असं काही होत नाही, दोष दाखवणारं एखादं छोटं पान बनवून पाठवा. भाऊंना पान बनवायचं ठाऊक नव्हतं. ते शिकले. तीन आठवडे लागले. मग बायकोला घेऊन एसटीनं जळकोटला आले, लॅपटॉप पिशवीत घालून. आम्ही दोघं पडवीत बसलो आणि त्यांची बायको पडद्याकडं बघत प्रत्येक बाणाला मोठ्यानं सांगत राहिली, “आता आंबा. आता केळं. आता सीताफळ.” आवाज तिन्हींवरही गप्प. ते पान आम्ही पाठवलं. चार दिवसांनी उत्तर आलं की दोष खरा आहे, आभारी आहोत.

त्या दिवशी भाऊ फोनवर लई खूश होते. “आपलं खरं निघालं की हो!”

पण दुरुस्ती झाली नाही. या दोषाचा त्रास थोड्याच लोकांना होतो, तेव्हा पुढं कधीतरी बघू, असा शेरा मारून त्यांनी ती आवृत्ती तशीच सोडली. एका सकाळी ती आपोआप सगळ्यांच्या संगणकावर येऊन बसली. आमच्याही.

त्याच आठवड्यात एका कार्यालयातली जागा निघाली. टेलिफोनवर बसायचं काम, अंध उमेदवारासाठी राखीव, आणि उमेदवार आपल्याच धाराशिव जिल्ह्यातला हवा. भाऊंसाठीच काढली असावी अशी. वयाच्या अटीत ते कसेबसे बसत होते, पुढच्या वर्षी बसले नसते. फॉर्म ऑनलाइन भरायचा होता आणि दुसऱ्या ब्राउझरवर ते पान उघडतच नव्हतं.

“नेट कॅफेवाल्याकडून भरून घ्या ना,” मी म्हणाले.

“न्हाय अक्का. आजवर सगळं दुसऱ्यानंच भरलंय माझं. ह्यो म्या भरणार.”

मला ते कळलं. माझंही तसंच होतं.

शेवटच्या दिवशी दुपारी ते जिल्ह्याच्या यादीवर अडले. मी म्हणाले, मोजून जाऊ. यादी वर्णक्रमानं असणार, आणि वर्णक्रम तर मी चौदा वर्षं पोरांकडून घोकून घेतलेला. फोन कानाला लावून मी एकेक नाव घेतलं आणि ते बाण दाबत गेले. अकोला, अमरावती, अहिल्यानगर, कोल्हापूर, गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर, छत्रपती संभाजीनगर, जळगाव, जालना, ठाणे, धाराशिव. बारा.

“बारा झाले. दाबू?”

“दाबा.”

माझा नवरा तेव्हा पाच पावलांवर ओसरीत शेंगा फोडत बसला होता. मी माझ्या संगणकावर ते पान उघडून त्याला हाक मारली असती, तर त्यानं यादी वाचून दाखवली असती. मी हाक मारली नाही. आम्ही दोघांनीच ते केलं याचा मला आनंद होत होता, हे मी लपवणार नाही.

तिसऱ्या दिवशी भाऊंच्या बायकोनं लोहाऱ्यातल्या दुकानातून फॉर्म छापून घेतला आणि तिथंच उभी राहून वाचला. जिल्हा : ठाणे.

झालं होतं असं की, जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा त्या यादीत फक्त नाव बदललं होतं, जागा तीच ठेवली होती. जुनं उस्मानाबाद चौथं होतं, तर धाराशिवही चौथंच. औरंगाबादच्या जागी पाचवं संभाजीनगर. त्यामुळं मधली नावं खाली सरकली आणि बाराव्या जागी ठाणे आलं.

भाऊ कार्यालयात जाऊन आले. तिथल्या माणसानं विचारलं, “फॉर्म तुम्हीच भरलाय ना?” भाऊ म्हणाले, व्हय, म्याच भरलाय. मुदत संपली होती. अर्ज बाद झाला.

मी फोन करून म्हणाले, “भाऊ, माझी चूक आहे. बारा मी सांगितलं.”

तुमचं काही चुकलं नाही, असं ते म्हणतील म्हणून मी थांबले होते. ते तसं म्हणाले नाहीत.

“ठाणे म्हणं,” ते म्हणाले. “कुठं आलं ते तरी?”

पुढच्या दोन आवृत्त्या मी एकटीनं तपासल्या. यादी मुकीच होती. मी पुन्हा कळवलं, आणि या वेळी भाऊंचं काय झालं तेही लिहिलं, इंग्रजीत जेवढं जमलं तेवढं. उत्तर आलं नाही. काही महिन्यांनी एक ठरावीक मजकूर आला, की ही तक्रार जुन्या आवृत्तीबद्दलची असल्यानं बंद करत आहोत.

सुगीच्या आधी मी सास्तूरला फोन लावला. त्यांच्या बायकोनं उचलला. म्हणाली, ते शेतात ज्वारी राखायला बसतात, डबा वाजवून पाखरं हाकतात. थवा कुठल्या अंगाला उतरला ते त्यांना आधी कळतं. तिनं फोन तिथवर नेऊन दिला. मागं वारा ऐकू येत होता.

मी तब्येत विचारली. मग म्हणाले, “परवा नवी आवृत्ती आलीय, भाऊ.”

“अक्का, मला ते सांगत जाऊ नका,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. “लॅपटॉप म्या भावाच्या पोरीला देऊन टाकलाय.”

मग त्यांनी डबा वाजवला, आणि फोन तसाच चालू राहिला. मी थोडा वेळ ऐकत बसले आणि ठेवून दिला. त्यानंतर मी त्यांना फोन केलेला नाही, आणि त्यांचाही आलेला नाही.