काचेमागच्या पताका

देवाच्या दारातून रिकाम्या हातानं यायचं नाही, हा किन्हीराजा गावच्या पंजाबरावाचा नेम. पोहरादेवीला गेला की झेंड्याची सुटलेली चिंधी खिशात घालून आणणार, कुठल्या महाराजांच्या समाधीवरचं सुकलं फूल तर डायरीत दाबून ठेवणार. कुणी टोकलं की एकच उत्तर. "परसाद हाय बाप्पा. परसादाले चोरी नसते म्हणत."

मागच्या जूनमध्ये मुलगा गजेंद्र, जो लष्करात लेहला गाडी चालवतो, त्यानं आईबापाला बर्फ दाखवायला बोलावलं. पंजाबराव टोपीवर मफलर बांधून निघाला, मागं गोजराबाई. उंच खिंडीत गाडी थांबली आणि खाली उतरून चार पावलं टाकायच्या आत गोजराबाईचा श्वास अडकला. ओठ जांभळे पडले. गजेंद्र ड्युटीवर होता; भाड्याच्या गाडीचा गाडीवाला तिकडचाच म्हातारा. त्यानं आधी ऑक्सिजनची नळी लावली, मग डिकीतून पताकांची नवी माळ काढली. निळी, पांढरी, लाल, हिरवी, पिवळी. माळ गोजराबाईच्या कपाळाला टेकवली, वर जाऊन दोन खांबांना बांधली आणि म्हणाला, "माताजी के नाम से बाँधी है. हवा चलेगी, साँस चलेगी."

माळ फडफडली आणि गोजराबाईनं डोळे उघडले.

दुसरा कुणी असता तर हात जोडून खाली उतरला असता. पंजाबरावाला वाटलं, जिच्यानं बायको उठली ती वस्तू काय खिंडीत सोडून जायची? गाडीवाला चहा घ्यायला वळला तसा या गड्यानं गाठी सोडून माळ सदऱ्यात कोंबली. उतरताना गोजराबाई वाटभर खोकत होती. पंजाबराव म्हणाला, थंडी बाधली.

घरी बैठकीचं रूप पालटलं. पंख्याच्या हुकापासून खिडकीपर्यंत माळ ताणली. शोकेसमध्ये गजेंद्रनं घेऊन दिलेलं, हातात धरून फिरवायचं पितळी मंत्रचाक आणि शेजारी काशाची वाटी. गाव बघायला आलं, चहा पिऊन गेलं. शेजारची रत्नमाला, अंगणवाडीची बाई, घरची बौद्ध. ती दारातच थांबली.

"काकाजी, आमच्या विहारात अशा नसतात. ह्या तिबेटाकडच्या. ह्यायले वारा लागते. घरात काहून कोंडल्या?"

"बाहेर धूळ बसते."

"बसू द्या. उडू द्या, फाटू द्या. त्यासाठीच असतात त्या."

"फाटाले का फुकट आणल्या म्या?" पंजाबराव म्हणाला. रत्नमाला चहा न घेता गेली.

सप्टेंबरातल्या एका दुपारी लाइट गेली होती. खिडक्या बंद, अंगणातल्या तुळशीचं पान हलत नव्हतं. पंजाबराव खाटेवर पडला होता आणि डोक्यावर माळ हलत होती. वाऱ्यानं फडफडतात तशी नाही. हळूच वर यायची, हळूच खाली बसायची. मधल्या खोलीत गोजराबाई फरशीवर निजली होती. त्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. पदर वर आला की माळ वर. पदर खाली, माळ खाली.

दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर त्यानं हसून सांगितलं, "माह्या बायकोचं मीटर बैठकीत लागलं हाय." लोक हसले. घरी आल्यावर मात्र तो त्या खोलीत एकटा बसेना.

दिवाळीच्या रंगकामात पताका मळतील, म्हणून त्यानं तालुक्याच्या मालेगावला नेऊन फ्रेम करून आणल्या. पाची रंग पुठ्ठ्यावर ताणलेले, वर जाड काच, चारी बाजूंनी खिळे. भिंतीवर फ्रेम टांगून तो दोन पावलं मागं सरला, आणि स्वयंपाकघरात पातेलं पडलं.

गोजराबाई चुलीपाशी बसली होती. तोंड उघडं, डोळे मोठे, आणि आवाज नाही. ती हातानं छातीकडे दाखवत होती. पंजाबराव पाण्याला धावला, पाठ चोळली, रत्नमालेला हाका मारल्या. मग त्याची नजर उघड्या दारातून बैठकीत गेली.

काचेला आतून वाफ धरली होती. आरशावर तोंड आणून श्वास सोडावा तशी. वाफ पसरायची, आकसायची, आणि दर खेपेला लहान होत होती.

त्यानं वरवंटा उचलला. काच फुटली तशी बैठकीत थंडगार हवा शिरली, खिंडीतल्या बर्फाच्या वासाची. बाहेर ऑक्टोबरचं ऊन रखरखत होतं. स्वयंपाकघरातून लांब, घरघरता श्वास ऐकू आला.

रत्नमाला आली तेव्हा गोजराबाई उठून बसली होती. "छातीवर कोणं फरशी ठेवल्यावानी झालं व," ती म्हणाली. वाशीमच्या डॉक्टरनं तपासलं. छाती साफ होती.

पंजाबरावानं माळ मळ्यात नेली आणि टमाट्याच्या वाफ्यात दोन उंच बांबूंना बांधली. वारा मिळाला, गोजराबाई ठणठणीत झाली. पण वारा कापडही खाऊ लागला. रोज एखादा धागा सुटायचा आणि शेताच्या धुऱ्यावरून उडून जायचा. रत्नमाला म्हणाली होती, फाटू द्या. फाटून सरल्यावर काय, ते तिनं सांगितलं नव्हतं, आणि विचारायची पंजाबरावाची छाती होत नव्हती. तो रोज सकाळी आधी माळ बघायचा, मग बायको.

जानेवारीत एक दिवस बांबू रिकामे दिसले.

"माळ कुठं हाय?"

"सुतळी सरली व्हती," गोजराबाई सरीत वाकलेली होती. "फाडून टमाट्याले बांधली. लोंबून राह्यले व्हते वेल."

तो तिच्याकडे बघत राहिला. गाल लाल, दम नाही, खोकला नाही.

"असे काय पाहून राह्यले? नवी नवरी हावो का मी?"

त्याला हसू आलं नाही. वारा पडलेला होता. शेजारचा तुरीचा शेंडा चित्रातल्यासारखा उभा. आणि टमाट्याचा अख्खा वाफा, वीस सऱ्या, एकदम वर येत होता, खाली बसत होता. मधे गोजराबाई टोपली भरत होती.

त्या टमाट्यांतलं एकही त्यानं तोंडाला लावलं नाही. बाजार मात्र चांगला मिळाला.

एप्रिलमध्ये वेल करपले. बाकीच्यांनी वाफे मोकळे करून नांगरले. पंजाबरावाच्या वाफ्यात वाळक्या वेलांना पताकांच्या चिंध्या तशाच, आणि मोटर चालूच.

"फळ नाई, फूल नाई. वाळल्या काड्यायले कायले पाणी देता?" गोजराबाई धुऱ्यावरून ओरडली. "उपटा ते. भेंडी लावू."

"आठ दिवस थांब."

"मागच्या आठ दिवसांतबी हेच म्हणले."

बोलता बोलता ती थांबली, पदरानं तोंड पुसलं, आणि जरा खोकली.

पंजाबरावानं पाणी पुढच्या सरीला वळवलं.